सिस्टरबाईंचा फळा

१२ डिसेंबर. सकाळी गराडूचे कंद सोलायला घेतले. दोन्ही हातांना तेल चोळून बसले होते, कारण तेल न लावता गराडूला हात घातला की दिवसभर खाजवत बसावं लागतं. निम्मे झाले होते, तेवढ्यात फोन वाजला. करंगळीने उचलला आणि स्पीकरवर टाकला. रेकॉर्ड केलेल्या बाईचा गोड आवाज आला, "आपके शहर के सरकारी दवाखानों की सेवा से आप कितने संतुष्ट हैं? बहुत संतुष्ट हों तो पाँच दबाएँ."

"पाच दाब," ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं. "इंदौरच्या नावाचा सवाल आहे. सगळे पाचच दाबतात."

"तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?"

"कुठे?"

"सरकारी दवाखान्यात."

ह्यांनी पेपर खाली घेतला. "मी कशाला जाऊ? दुश्मन जावो."

या बोलण्यात वेळ गेला आणि फोन आपणहून बंद झाला. मागोमाग मेसेज आला, उत्तर मिळालं नाही, उद्या सकाळी पुन्हा फोन करू. ह्यांनी पेपर परत उचलला आणि म्हणाले, "आणि हा प्रश्न तुझा नाही हं. हा सिस्टरबाईंचा आहे."

बरोबर होतं. प्रश्न त्यांचाच होता. त्या जाऊन वर्ष झालं, तरी तो माझ्या तोंडात तसाच पडून आहे.

सिस्टरबाई परदेशीपुऱ्याच्या मागच्या एका गल्लीत सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. खरं नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. वडील मिलमध्ये कारकून, त्यामुळे जन्म तिथलाच, शाळा तिथलीच आणि नोकरीही फिरून तिथेच. कडक इस्त्रीची पांढरी साडी, पायात कापडी बूट, आणि कोणी कशालाही चांगलं-वाईट म्हटलं की तोच एक प्रश्न: "शेवटचे कधी गेला होतात?" आवाज चढवून नाही. ताप कधीपासून आहे हे विचारावं, तसा.

एकदा सुदामा नगरात आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या होत्या. बायकांचा विषय दवाखान्यावर गेला. एक म्हणाली, "सरकारी म्हणजे नुसती घाण हो." दुसरी म्हणाली, "सुया तरी धुतात की नाही देव जाणे." सिस्टरबाईंनी तिळाची वडी तोंडात टाकली आणि एकेकीला विचारत गेल्या, शेवटच्या कधी गेला होतात? एक लग्नाआधी गेली होती. एक कधीच नाही. तिसरीने सांगितलं, "जायची काय गरज? सबको पता है ना."

"आणि तुमचा तो काचेच्या दारांचा दवाखाना? तो कसा आहे?"

"तो एकदम बढिया. एसी आहे, कॉफी मिळते."

"बरं. आणि तुमची खोकल्याची उबळ?"

"ती आहे अजून."

सिस्टरबाईंनी दुसरी वडी घेतली. त्या खोकल्याच्या बाई पुढची दोन वर्षं आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या नाहीत, ते सोडा.

पण हा प्रश्न त्या कौतुकालाही तसाच विचारायच्या, आणि तिथे माणसं जास्त दुखावायची. शहराचा स्वच्छतेत पहिला नंबर यायला लागला तसं आमच्याकडे सगळ्याच गोष्टी पहिल्या नंबरच्या व्हायला लागल्या. पाणी नंबर वन, बस नंबर वन, दवाखाने तर विचारूच नका. सिस्टरबाईंना शहराचा अभिमान नव्हता असं नाही. ओला कचरा, सुका कचरा त्या माझ्यापेक्षा कसोशीने वेगळा करायच्या. पण म्हणायच्या, "गल्ली साफ आहे, हे खरं. ते मी गल्लीत उभी राहून पाहिलं. दवाखान्याचं दवाखान्यात पाहू. झाडू मारला म्हणून गोळ्या येत नाहीत बाई."

या सगळ्याच्या मुळाशी त्यांचा फळा होता. दवाखान्याच्या बाहेरच्या भिंतीवर, दाराच्या डाव्या हाताला, शाळेतून टाकून दिलेला एक काळा फळा त्यांनी खिळे ठोकून लावला होता. दुपारी दवाखाना बंद करण्याआधी त्यावर खडूने रोज तीन ओळी लिहायच्या. किती आले. किती जणांना औषध मिळालं. किती जणांना मिळालं नाही. खाली एक चौथी ओळ, लागली तर: "बीपी की गोली खत्म, सोमवार को पूछें." तिसरी ओळ त्या बाकीच्यांपेक्षा मोठ्या अक्षरात काढायच्या. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "ज्याला मिळालं तो वाचायला थांबत नाही."

समोर शेवेच्या दुकानात एक भिया, म्हणजे इंदौरी बोलीतले भैया, बसायचे. ते फळ्यावरच्या ओळी गिऱ्हाइकाला शेव तोलता तोलता मोठ्याने वाचून दाखवायचे, कारण गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं. "सुनो रे अम्मा, बीपी की नहीं है, सोमवार को आना!" मग अम्मा सोमवारी यायची. मधले दिवस फुकट खेटे घालायची नाही. दवाखान्यात गोळी नाही याचा राग तिला यायचाच, पण रिकाम्या हाताने परत गेल्याचा राग यायचा नाही. हे दोन राग वेगळे असतात, हे मला सिस्टरबाईंनी शिकवलं.

आता माझा भाग. मी तेव्हा आरोग्य खात्याच्या एका ऑफिसात कंत्राटी डेटा ऑपरेटर होते. दर महिन्याला प्रत्येक दवाखान्यातून कागदी तक्ता यायचा आणि आम्ही तो कॉम्प्युटरवर चढवायचो. त्यात एक रकाना होता: दवा न मिलने से लौटे मरीज. जवळजवळ सगळे दवाखाने तो कोरा ठेवायचे. मोजत नव्हते, मग लिहिणार काय? पण आमचा प्रोग्रॅम कोरा रकाना घ्यायचा नाही. लाल व्हायचा, पुढचं पान उघडायचा नाही. म्हणून तिथे आम्ही शून्य टाकायचो. तसं करा असं कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी शेजारच्या टेबलावरची करत होती, म्हणून मीही केलं. ऑफिसात सगळ्यात भराभर तक्ते चढवणारी म्हणून माझं नाव होतं, आणि ते मला आवडायचं.

मग साहेबांना वरून आदेश आला की दवाखान्यांची क्रमवारी लावा. लावली. ज्यांनी कधी काही मोजलं नव्हतं ते शून्यामुळे वर गेले. जी एकटी रोज मोजत होती, तिचा दवाखाना सगळ्यात खाली. यादी भिंतीवर लागली, खालचं नाव लाल रंगात. दोन दिवसांत पेपरात आलं: शहरातला सगळ्यात मागासलेला दवाखाना. परदेशीपुऱ्यातली माणसं, जी त्याच दवाखान्यातून वर्षानुवर्षं औषध नेत होती, तीसुद्धा बिचकली. सिस्टरबाई सांगायच्या, एक बाई लहान मुलीला टोचून घ्यायला आली, ती सुईकडेच संशयाने बघत बसली. "मागच्या महिन्यात हीच सुई, हाच माझा हात. आज पेपर वाचून आली."

माणसं कमी आली. माणसं कमी आली म्हणून फाइल हलली. दवाखाना बंद करून रेल्वे लाइनीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात विलीन करायचा, असा प्रस्ताव तयार झाला. मोठ्या दवाखान्याच्या रकान्यात अर्थातच शून्य होतं. ते मीच टाकलं होतं. ज्या अम्मा गल्लीतून चालत यायच्या, त्यांना दोन बस बदलाव्या लागल्या असत्या. त्यांच्या गुडघ्यांचा विचार केला तर सरळ सांगायचं, त्या गेल्याच नसत्या.

एके दुपारी सिस्टरबाई ऑफिसात आल्या. डबा खायच्या वेळेला. माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढली आणि मोठ्या दवाखान्याच्या नावावर बोट ठेवलं.

"वर्षा, हे शून्य कुठून आलं?"

"रकाना कोरा होता."

"कोरं म्हणजे शून्य?"

"प्रोग्रॅम पुढे जात नाही हो सिस्टरबाई."

"मग तू का गेलीस?"

मला राग आला. मी म्हटलं, सगळेच करतात, महिन्याअखेरीला इतके तक्ते येतात, तुम्हाला काय कल्पना. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शून्य म्हणजे मोजलं आणि एकही निघाला नाही. कोरं म्हणजे मोजलंच नाही. तापमापी लावलीच नाही आणि ताप नाही म्हणून लिहिलं, असं झालं हे."

तेवढ्यात साहेब बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं. म्हणाले, "सिस्टर, आप भी जीरो लिख दो ना. किस्सा खतम. अगले महीने आपका दवाखाना ऊपर, फाइल अपने आप बंद."

"और बीपी की गोली?"

"मतलब?"

"मैंने जीरो लिख दिया तो आप समझोगे, वहाँ कमी नहीं है. फिर गोली भेजोगे किसको? जिसके यहाँ कमी नहीं, उसको?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू उत्तर माझ्याकडे असावं. मी डबा उघडला. सिस्टरबाई उठल्या आणि जाता जाता त्यांना म्हणाल्या, "झूठ बोलके बचाया हुआ दवाखाना मेरे किस काम का, सर?"

त्या गेल्यावर मी घास खाल्ला आणि कपाटातून जुने कागदी तक्ते काढले. पश्चात्ताप वगैरे झाला असं मी म्हणणार नाही. "मग तू का गेलीस" हे चार शब्द दाढेत अडकले होते, एवढंच. आठवडाभर डब्याच्या सुट्टीत बसून प्रत्येक कोऱ्या रकान्याशेजारी पेन्सिलीने खूण केली. शेवटी बघितलं तर पेन्सिलच पेन्सिल. खरं शून्य, म्हणजे कोणी स्वतःच्या हाताने लिहिलेलं, एकही सापडलं नाही.

पाहणीसाठी बाहेरगावाहून पथक येणार होतं. दवाखाना ठेवायचा की नाही, हे ते ठरवणार होते. आदल्या दिवशी ऑफिसातून शिपाई गेला आणि फळ्यावर मोठं फ्लेक्स टांगून आला. त्यावर हसणारी आई, हसणारं बाळ. सिस्टरबाईंनी सकाळी येऊन ते उतरवलं, नीट घडी घातली आणि शिपायाच्या हातात दिली. "भिया, ये फोटो अच्छा है. जहाँ कुछ लिखने को नहीं है, वहाँ लगाओ." त्या दिवशी दुपारपर्यंतसुद्धा थांबल्या नाहीत. कालचे आकडे फळ्यावर होतेच, ते खडूने पुन्हा गिरवून ठळक केले.

साहेबांनी मला फाइल धरायला सोबत नेलं होतं. पथकातले एक वयस्क डॉक्टर फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "सिस्टर, अपनी कमी कोई बाहर लिखता है क्या?"

"सर, कमी अंदर है तो बाहर लिखी है. अंदर नहीं होती तो क्यों लिखती?"

समोरून शेववाले भिया ओरडले, "साहब, इसी को पढ़के तो पब्लिक आती है!" साहेबांनी त्यांना हाताने गप्प केलं. डॉक्टरांनी यादी मागितली. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "बाकी सबका जीरो कैसे है?"

"सर, वहाँ दवा की कमी नहीं है," साहेब म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, कारण फाइल माझ्या हातात होती. माझ्या कंत्राटावर दरवर्षी मार्चमध्ये साहेबांची सही लागायची, हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ आठवलं. सिस्टरबाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. एका म्हातारीच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत होत्या.

"सर, वो जीरो मैंने डाले हैं," मी म्हटलं. "वहाँ से खाली आया था." आणि पेन्सिलीच्या खुणांचे तक्ते पुढे केले.

दवाखाना वाचला. सिस्टरबाईंची बदली झाली. दोन्ही हुकूम एकाच दिवशी, एकाच सहीने निघाले. मला डेटावरून काढून आवक-जावकला बसवलं, जिथे लिफाफे मोजायचे असतात. मी ते बरोबर मोजते.

बदली बेटम्याकडच्या एका गावात झाली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी भेटायला गेले तेव्हा जरा हळहळले, तर मलाच दम भरला. "रडतेस काय? तिथे भिंत नाही का?" पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिथे फळा लावला. रोज धारच्या रस्त्याची बस धरून जायच्या आणि कंडक्टरलासुद्धा सांगून ठेवायच्या की आज गाडी किती मिनिटं उशिरा आली. शेवटी तो स्वतःच सांगायला लागला, "सिस्टरजी, आज बीस मिनट लेट, लिख लो."

गेल्या हिवाळ्यात त्यांना छातीत दुखायला लागलं. पुतण्याने काचेच्या दारांच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. त्या रिक्षात बसून राहिल्या, उतरल्याच नाहीत. सरकारीतच न्या म्हणाल्या. लोक म्हणतात, हट्टाने जीव गेला. मी विचारते, तुम्ही होतात का तिथे? मी होते. डॉक्टर म्हणाले होते की वय आणि हृदय दोन्ही थकलंय, कुठेही नेलं असतं तरी हेच. तिसऱ्या दिवशी मी गेले तर उशीखालून एक चिठ्ठी काढून दिली. थरथरत्या अक्षरात दोन ओळी. "सलाईन वेळेवर. चादर तीन दिवस तीच." म्हणाल्या, "दोन्ही सांग. एकच सांगू नकोस." ती चिठ्ठी मी वॉर्डच्या मोठ्या सिस्टरला नेऊन दिली. चादर बदलली. सिस्टरबाई दुसऱ्या दिवशी त्या स्वच्छ चादरीवर गेल्या.

तर गराडू. तळले, जीरावनचा मसाला आणि लिंबू मारलं, ह्यांनी दोनदा मागून खाल्ले. संध्याकाळी ह्यांनी पुन्हा विषय काढला. "उद्या फोन आला तर दाबून टाक गं पाच. कशाला डोक्याला ताप." मी म्हटलं, उद्या सकाळी मी घरी नाही.

१३ डिसेंबर. आज सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि माझ्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन परदेशीपुऱ्यात गेले. दवाखाना रंगवलेला आहे, आत झाडलेलं आहे. फळा अजून खिळ्यांवर आहे. त्यावर काहीच नव्हतं. शून्यसुद्धा नाही. मी रांगेत उभी राहिले, माझा चौथा नंबर होता. डॉक्टरांनी नीट तपासलं, घाई केली नाही. खिडकीवर दोन गोळ्यांपैकी एक मिळाली. दुसरी नाही.

मग निघाले नाही. खिडकीशेजारच्या बाकावर बसले आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागले, "मिली?" हाताला अजून थोडी खाज होती, तेल कुठेतरी कमी पडलं असणार. पावतीच्या मागे रेघा मारत गेले, माझ्या पुढचे तिघे खिडकीवर दिसले होते तेही धरून. कंपाउंडर दोनदा डोकावून गेला, तिसऱ्यांदा बाहेर आला. "मैडम, आप किस विभाग से हो?"

"मरीज हूँ. चौथा नंबर."

दहा वाजता फोन वाजला. तोच गोड आवाज असणार. उचलला नाही, माझं मोजणं चालू होतं.

दुपारी खिडकी बंद झाली तेव्हा समोर शेववाल्या भियांकडे गेले. केस पिकलेत, पण दुकान तेच. त्यांच्याकडे भावाच्या पाटीसाठी खडू होता, तो मागितला. फळा पदराने पुसला आणि लिहिलं, आए अड़तीस. मिली उनतीस. मग तिसरी ओळ, मोठ्या अक्षरात.

माझं लिहून होण्याआधीच पाठीमागून भियांचा आवाज सुरू झाला, पूर्वीसारखाच गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. "सुनो रे! नहीं मिली, नौ!"

त्या नऊत मी स्वतःला धरलं होतं.